लेकीच्या टाळूतला स्क्रू

आमच्या घरात कुठल्याही डॉक्टरचं म्हणणं सासऱ्यांनी तपासून पास केल्याशिवाय लागू होत नाही. आयुष्यभर अंबरनाथच्या एका कारखान्यात मशिनं सांभाळून ते रिटायर झाले. तेव्हापासून जगातली प्रत्येक वस्तू हे एक बिघडलेलं मशीन आहे आणि ते फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्यांची ठाम समजूत. मिक्सर, सोसायटीचा पंप, माझ्या नवऱ्याचं करिअर, सगळं त्यांनी उघडून पाहिलेलं आहे. त्यामुळे आठ वर्षांच्या नातीच्या टाळूत स्क्रू बसणार हे कळल्यावर त्यांचा चेहरा जो खुलला, तो बघण्यासारखा होता.

मुलीचा वरचा जबडा अरुंद होता. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायच्या, चावताना हनुवटी एका बाजूला सरकायची आणि झोपेत तोंड कायम उघडं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. या वयात टाळूच्या मधला सांधा पक्का जुळलेला नसतो, म्हणून दोन्ही बाजू हळूहळू लांब नेता येतात आणि मधे नवीन हाड भरतं. सांधा पक्का झाला की मोठेपणी याच कामासाठी ऑपरेशन करावं लागू शकतं. म्हणून आत्ताच करायचं. मागच्या दाढांना धातूच्या पट्ट्या, मधोमध बारीकसा स्क्रू, आणि रोज संध्याकाळी आईने तारेची किल्ली घालून तो एकदा पुढून मागे ढकलायचा.

“पुढच्या दोन दातांत फट पडेल,” त्या म्हणाल्या. “घाबरू नका. फट पडली म्हणजे काम होतंय.”

हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. सासरे माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसून मान डोलावत होते. मान डोलावणं आणि ऐकणं यांचा त्यांच्या बाबतीत काही संबंध नसतो.

घरी आलो आणि प्रदर्शन सुरू झालं. आमच्याकडे पाहुणे आले की पूर्वी मुलीने स्तोत्र म्हणून दाखवायचं असे. आता तोंड उघडून दाखवायचं. “आ कर बरं, काकूंना दाखव.” मग हळदीकुंकवाला आलेल्या काकू, मोबाइलचा टॉर्च लावून, माझ्या मुलीच्या घशापर्यंत बघत. बघून झालं की प्रत्येकीकडे एक निदान तयार. एवढीशी पोर आणि तोंडात लोखंड? दुधाचे दात तर आहेत, पडू दे की आधी! नवऱ्याच्या एका काकूंनी तर कमालच केली. म्हणाल्या, “बाळपणी टाळू तेलाने नीट भरली असतीस ना, तर ही वेळ आली नसती.” काकू, ती टाळू डोक्यावर असते, ही तोंडात आहे, असं मी म्हटलं. त्यावर त्या सगळ्यांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “आजकालच्या मुलींना सगळंच ठाऊक असतं.” काकू स्वतः एम.ए. झालेल्या आहेत.

संध्याकाळचं काम मात्र कोणी मागितलं नाही, ते माझ्याकडेच. मी किल्ली घालायचे, ढकलायचे, आणि मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. नाकाच्या मुळाशी दाबल्यासारखं वाटतं म्हणायची. रोज मी तिला जवळ घ्यायचे. पण ती कधी नाही म्हणाली नाही. आमच्या घरात मोठ्यांनी आ कर म्हटलं की आ करतात.

थोड्याच दिवसांत पुढच्या दातांत फट पडली. आयुष्यात कुठल्या फटीचा एवढा आनंद मला झाला नव्हता. मी फोटो काढून डॉक्टरबाईंना पाठवला, त्यांचं लगेच शाबास आलं. घरात मात्र सुतकी चेहरे. सासऱ्यांनी चष्मा चढवला, टॉर्च मारला आणि निकाल दिला, “तू ओव्हरटाइट केलंयस.”

“बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच केलंय. फट पडणारच होती.”

“डॉक्टरांचं बरोबर आहे गं. पण मेकॅनिझम ही वेगळी गोष्ट आहे.”

नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता नेहमीचं वाक्य टाकलं, “जाऊ दे ना, बाबा आहेत.” या एका वाक्यावर आमचा संसार उभा आहे.

मग फट वाढायची थांबली. नंतर तर मला ती कमीच वाटायला लागली. मी रोज मन लावून किल्ली ढकलत होते, मूल रोज डोळे पुसत होतं आणि जबडा ढिम्म हलत नव्हता. तपासणीच्या दिवशी सासरे गाडी काढून निघाले. शीळफाट्याला ट्रकांच्या मधे अडकून पडलो, तेव्हा त्यांनी मला स्क्रूचे आटे कसे झिजतात यावर व्याख्यान दिलं.

डॉक्टरबाईंनी मुलीच्या तोंडात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या आयांकडे बघायची त्यांची एक ठरलेली नजर असावी.

“रोज फिरवता ना?”

“एक दिवस चुकवलेला नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढलाच.

तेवढ्यात खुर्चीत आडवी पडलेली मुलगी म्हणाली, “आई संध्याकाळी मागे करते. सकाळी ती ऑफिसला गेली की आजोबा पुढे करतात.”

मी तिला विचारलं, “अगं, मग मला सांगितलं का नाहीस?”

“आजोबा म्हणाले, आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल.” मग जरा थांबून म्हणाली, “दोन्ही वेळा दुखतं.”

सासऱ्यांना आत बोलावलं. ओशाळले असतील असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या घरी चार दिवस राहून बघावं. ते खुर्ची ओढून बसले आणि डॉक्टरबाईंनाच समजावू लागले की फट दिसली तेव्हा लोड जास्त होतोय हे त्यांनी ओळखलं, आणि जबाबदार माणूस म्हणून थोडं रिलीज दिलं. डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला, तो लावला आणि सांगितलं की हे मशीन नाही, हाड आहे. ते रोज ओढायचं आणि रोज मिटवायचं, तर नवीन हाड भरणार कधी? आता पहिल्यापासून सुरुवात. सुदैवाने वय हाताशी आहे. सासरे म्हणाले, “असं असेल तर ठीक आहे.” जणू त्यांनी परवानगी दिली. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर शीळफाट्यापर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, “त्यांचा हेतू चांगला होता.”

संध्याकाळी मी किल्ली घेऊन मुलीसमोर बसले. “आ कर.”

तिने ओठ घट्ट मिटले. जन्मात पहिल्यांदा. मग उठली, टीव्हीसमोर बसलेल्या आजोबांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, उद्या सकाळी काय करणार ते आत्ता सांगा. मग मी तोंड उघडते.”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. यावेळी जाऊ दे म्हणायला कोणी पुढे आलं नाही. “काही नाही करणार गं,” ते पुटपुटले.

“मोठ्यांदा सांगा.”

त्यांनी मोठ्यांदा सांगितलं. माझ्या मनात आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू. मी किल्ली पुढे केली. पण मुलगी माझ्याकडे न येता आत गेली, माझ्या कपाटातला हातात धरायचा आरसा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून तो आपल्या तोंडापुढे धरला.

“तू पण हळू कर,” ती मला म्हणाली. “कुठे फिरवतेस ते मला दिसू दे.”