घाटावरची पाटी

माझ्या भावाच्या दहाव्याला मुळा नदीच्या घाटावर गेलो, तिथे ती दिसली. त्याच सकाळी तिच्या नवऱ्याचाही दहावा होता. उरवड्याजवळच्या एका परदेशी कंपनीत सुरक्षेच्या पट्ट्याशिवाय छपरावर काम करताना तो पडला होता. घाटावरची शेड आणि बाकं त्याच कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून बांधून दिलेली. पाटीवर लिहिलं होतं, 'आमच्या कुटुंबातील ग्रामस्थांना सप्रेम भेट.'

ती बाकाशेजारी खाली फरशीवर बसली होती. तिच्यासोबतची एक म्हातारी म्हणाली, "अगं, वर बस की. गारठशील."

"बसा तुमी, आत्याबाई. तुमी त्यांच्या कुटुंबातल्या. आमचे मालक न्हवते. कंपनीचा सायेब म्हनला, ते ठेकेदाराचं मानूस, आमचं न्हाई." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी शिकलेले दिसता. त्यांच्या देशात मानूस पट्ट्याबिगर छपरावर चढवत्यात का वो?"

"नाही," मी म्हणालो. "तिथे काम बंद पाडतात."

"मंजी त्यास्नी ठावं हाय."

भाऊ गेल्यापासून मला नुसतं रडू येत होतं. त्या चार शब्दांनी पहिल्यांदा संताप आला.

ती उठली. विधीची अंघोळ करून आलेल्या दिराचा ओला पंचा न पिळता तिने पाटीवर पसरला. पाणी ओघळत राहिलं, पण पंचा आखूड पडला. 'सप्रेम भेट' तेवढं उघडं राहिलं.

मी माझा ओला पंचा घेऊन पाटीपाशी गेलो आणि उरलेल्या अक्षरांवर टाकला.