शांतवनकाकांनी न केलेली सही

सुट्टीचा भोंगा झाला की तुर्भ्याच्या आमच्या रसायन कारखान्याच्या फाटकावर झडती होई. हात वर करून उभं राहायचं, चौकीदार खिसे चाचपणार. आम्ही दातओठ खात हात वर करायचो. शांतवनकाका मात्र डोळे मिटून, तळवे आभाळाकडे उघडून, ओठांतल्या ओठांत प्रार्थना करायचे. चौकीदार वैतागे. "ओ पाद्री, झालं का?"

"तुझं झालं का बघ. माझं चालू हाय."

मी तेव्हा तेविशीचा, युनियनची पत्रकं लिहिणारा. देव म्हणजे मालकाचा बिनपगारी चौकीदार, असं मी छापलंही होतं. काकांनी ते नीट वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "विलास, लेका, मी नगरकडचा, जन्माचा ख्रिस्ती. तरी साहेबाच्या बुटाचा आवाज आला की मी भिंतीला चिकटायचो. येशूनं जीव देऊन माझी किंमत भरलीय, हे लई उशिरा उमगलं. आता साहेब कोण माझा भाव करणार?"

मी हसलो होतो.

मग संप झाला आणि त्यामागून टाळेबंदी आली. चौथ्या महिन्यात मालकाने हमीपत्र पुढे केलं: 'मला फितवून संपात ओढलं, मी माफी मागतो.' सही करील त्यालाच फाटकाच्या आत घेणार. घरोघरी चुली थंड होत्या. माणसं एकेक करून गेली, सही करून आली, आणि एकमेकांशी बोलेनाशी झाली.

काकांची बायको मार्थाबाई क्षयाने अंथरुणाला खिळलेली. तिचं औषध कामगार विम्याच्या दवाखान्यातून, काकांची नोकरी असेल तरच मिळायचं. मी त्यांच्या खोलीत बसलो असताना ती खोकत म्हणाली, "करा की सही. देव काय एवढंसं अक्षर बघत बसलाय?"

काका ढसढसा रडले. "मार्था, मला कुणी फितवलं न्हाई गं. खोटं कसं लिहू?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. 'सही करू नका' हे पत्रक ज्याने घरोघरी वाटलं होतं, त्याच मी.

काकांनी केली नाही. भांडी विकून ते मार्थाबाईंना घेऊन गावी निघाले. पनवेलच्या एसटी स्टँडवर मी त्यांचे पाय धरले.

"ऊठ. माझी कशाला माफी मागतो? जिथं खोटं लिहिलंस, तिथं खरं बोल."

"भीती वाटते, काका."

"मलाबी वाटती. पण तिची चाकरी करायची न्हाई."

तीन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. 'मार्था प्रभूकडे गेली. शेवटपर्यंत माझ्यावर रुसून होती. रोज रडतो, विलास. रडतो, पण मोकळा आहे.'

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनमध्ये उभा राहिलो. साहेब समोरच बसला होता. "त्या कागदावर मी खोटं लिहिलंय," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की शेजारचाही जेवत राहिला.

मग मी बाकावर चढलो.