बबनरावांचा उजवा हात

कारंजा घाडग्याहून सावंगीच्या दवाखान्यात पेशंट पोचवायचे आणि परत आणायचे, हेच बबनरावांनी बावीस वर्षं केलं. पहिली गाडी भंगारात गेली. दुसरी, पांढरी, तिलाही अकरा वर्षं होत आली होती. आर्वीच्या रस्त्यावरचा कुठला खड्डा पोटुशी बाईला सोसत नाही, कुठल्या पुलाआधी वेग कमी केला म्हणजे टाके घातलेला माणूस कण्हत नाही, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. बोलणं कमी. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर कोणी रडायला लागलं तर ते समोरचा आरसा वर फिरवून ठेवत.

पौषातल्या एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. उचलायला गेले तर उजवा हातच उठेना. लकवा. मुलगा मुकेश बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवतो. त्यानं बापाला त्यांच्याच गाडीत मागं निजवलं आणि सावंगी गाठली. बबनरावांनी तो रस्ता पहिल्यांदाच पडून पाहिला. झाडांचे शेंडे, विजेच्या तारा. मुकेश खड्डे चुकवत नव्हता, त्याला घाई होती.

वेळेवर पोचल्यानं वाचले. बोलणं थोडं जड झालं, पाय चार आठवड्यांत सुधारला. हाताला वेळ लागला. जयवंताबाई रोज परातीत तांदूळ आणि तुरीची डाळ एकत्र करून नवऱ्यापुढं ठेवायच्या आणि ते उजव्या हातानं दाणा दाणा वेगळा करायचे. चैत्रात त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. डॉक्टर म्हणाले, आता सोबत कोणाला घेऊन थोडी थोडी गाडी चालवायला हरकत नाही.

दुसऱ्याच दिवशी ते गाडीत बसले. चावी आत गेली, पण फिरेना. जोर लावला, दोन्ही हात लावले. नाही. काढायला गेले तर बाहेरही येईना. पाचेक मिनिटांत मानेवरून घाम उतरला.

मुकेश दुकानात निघाला होता. तो खिडकीशी आला. "काय करून राह्यले बाबा?"

"चावी फिरून नाई राह्यली."

मुकेशनं आत हात घातला, स्टिअरिंगला एक हिसका दिला, चावी दाबून फिरवली. गाडी सुरू झाली.

"हाताले जोर नाई अजून तुमच्या," तो म्हणाला. रागानं नाही, मायेनंच म्हणाला. "घाई काऊन करता?"

बबनराव आपल्या हाताकडे पाहत राहिले.

आठ दिवसांनी पुन्हा तसंच झालं आणि पुन्हा मुकेशलाच बोलवावं लागलं. त्यानंतर बबनराव डाळ-तांदळाला दुप्पट वेळ बसू लागले. जयवंताबाई म्हणाल्या, "पुरे आता. बोटं सुजली तुमची." त्यांनी ऐकलं नाही.

तिसऱ्या वेळी गाडीत अनुसयाबाई होती. गल्लीच्या टोकाला राहणारी, किडनीची पेशंट. आठवड्यातून दोनदा सावंगीला जायची. बबनराव आजारी होते तेव्हा ती बसनं गेली, पण पाच वर्षं त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसली नव्हती. मुकेशचा एक दोस्त सोबतीला पुढं बसला होता. बबनरावांनी चावी घातली. फिरेना. दोस्त म्हणाला, "काका, मी पाहू?" त्याच्याकडूनही फिरली नाही, पण तेव्हा त्याचा अर्थ कोणाच्या ध्यानात आला नाही. मुकेशचा फोन लागत नव्हता. पंधरा मिनिटं गेली. अनुसयाबाईनं डब्याची पिशवी उचलली आणि दार उघडलं.

"राहू द्या बबनभाऊ. बस आहे साडेआठची. तुम्ही आराम करा."

ती हळूहळू स्टँडकडे चालत गेली. बबनराव आरशात ती दिसेनाशी होईपर्यंत बसून होते. त्या दिवशी जेवताना ते मुकेशला म्हणाले, "गाडी इकून टाक."

मुकेशनं थोडी समजूत घातली, पण फार नाही. त्यालाही धास्ती होतीच. रोहण्याच्या प्रफुल नावाच्या माणसाला गाडी हवी होती. बोलणं झालं, शब्द दिला गेला, कागदांवर सह्या झाल्या.

ज्येष्ठातल्या एका सोमवारी प्रफुल गाडी न्यायला आला. चाळिशीचा, शेतीतला, मनगटं चांगली भक्कम. चावी घालून फिरवायला गेला आणि थांबला. "काकाजी, हे तं अडकली."

मुकेश पुढं झाला. त्यानं नेहमीचा हिसका दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. शेवटी त्यानं स्टँडजवळच्या हेमराज चावीवाल्याला बोलावलं.

हेमराजनं स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवत, चावी आत-बाहेर खेळवत त्यानं ती बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"हे पाहा. दाते राह्यलेच नाई हिले. गुळगुळीत झाली. अन् कुलपात धूळ बसली." त्यानं मुकेशकडे पाहिलं. "दुसरी चावी असंल ना घरी? गाडीसंगं आलेली?"

जयवंताबाईंनी कपाटातून कागदपत्रांची पिशवी आणली. तळाशी दुसरी चावी होती, अकरा वर्षांत न वापरलेली. हेमराजनं कुलपात फुंकर मारली, शिसपेन्सिलीची बारीक पूड सोडली. "तेल नका टाकत जाऊ, तेलानं धूळ चिकटते." मग नवी चावी घातली. टक् करून फिरली.

"कधीपासून अडकून राह्यली होती?"

"चैत्रापासून," मुकेश म्हणाला. "पण मले वाटलं, बाबाच्या हाताले..."

"हाताचं काय आहे त्याच्यात?" हेमराज कव्हराचे स्क्रू आवळत म्हणाला. "पैलवान बसवला असता तरी नसती फिरली. हिसक्यानं कधी लागते, कधी नाई."

बबनराव ओट्यावर बसले होते. ते उठले, गाडीपाशी आले आणि प्रफुलला म्हणाले, "जरा सरकता का?" आत बसून त्यांनी दोन बोटांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. त्यांनी ती बंद केली. पुन्हा सुरू केली. मग उतरले.

"बाबा, ठेवून घेऊ का?" मुकेश हळूच म्हणाला. "मी बोलतो त्याइले."

प्रफुलनं ऐकलं होतं. तो म्हणाला, "काकाजी, तुमचं मन असंल तं राहू द्या. मी दुसरी पाहीन."

बबनरावांनी गाडीचं दार प्रफुलसाठी उघडं धरलं. "न्या तुम्ही," ते म्हणाले. "शब्द दिला आहे. दिवसाआड सुरू करत जाजा."

गाडी गेली. संध्याकाळी मुकेश दुकानातून लवकर आला आणि बापाजवळ बसला.

"माही चूक झाली, बाबा. एकदा हेमराजले दाखवायले पाह्यजे होतं."

"तुही काऊन? बावीस वर्षं गाड्या चालवल्या मी. चावी कधी झिजते हे मले समजाले पाह्यजे होतं." त्यांनी हात मांडीवर उलटा ठेवला. "मले चावीचा संशय आलाच नाई. हाताचाच आला."

मुकेशनं नंतर दोनदा दुसऱ्या गाडीचा विषय काढला. बबनराव नको म्हणाले. अनुसयाबाई आता दुसऱ्याच्या गाडीनं जाते, तिला सवय झाली आहे. ते दिवसा मुकेशच्या दुकानात बसतात. कोणी सावंगीसाठी गाडी विचारली की वहीतून एक नंबर काढून देतात, आणि माणूस निघाला की सांगतात, ड्रायव्हरला म्हणा, पुलाआधी हळू घे.