फोटोत उभी केलेली नणंद

आमच्या स्टुडिओत टचिंगचं काम करणाऱ्या मुलीचं खरं नाव गिऱ्हाइकांना कधीच माहीत नव्हतं. सगळे तिला टचिंगवाली म्हणायचे, आणि ती त्या हाकेला ओ द्यायची. मी काउंटरवर, आमचे हे कॅमेऱ्यामागे आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर ती, असा आमचा कारभार. कुणाच्या कपाळावरचा फोड घालव, कुणाची कॉलर सरळ कर, कुणाचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून उघडे बसव. जगात स्वतःखेरीज कुणाला काही कळत नाही असं मानणारे आमचे हे, तेसुद्धा तिच्या खुर्चीमागे उभे राहून गुपचूप बघायचे.

आधीच सांगून टाकते, मला हे शांतपणे सांगता येणार नाही. तिच्या नवऱ्याचा विषय निघाला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. आमचे हे म्हणतात, तुला काय करायचंय, लोकांचा संसार. असेल लोकांचा. पण ती त्याची वाट बघत होती तेव्हा रोज तिच्यासमोर मी बसलेली होते, हे नव्हते.

साथीच्या दिवसांत सगळ्यांचेच धंदे बसले. आमचाही बसला, पण एका कामानं आम्हाला तारलं. लग्नाला मोजकीच माणसं न्यायची परवानगी होती, त्यामुळे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी लग्नाच्या फोटोत राहून जायचं. मग लोक यायचे आणि म्हणायचे, आजोबा राहिलेत, तेवढे घाला. आजोबा घरी भिंतीला टेकून, चांगला कोट घालून फोटो काढून पाठवायचे आणि टचिंगवाली त्यांना नवऱ्यामुलाच्या शेजारी उभं करायची. उजेड कुठून येतोय ते बघायची, सावली त्या बाजूला पाडायची, चपलांखाली फरशीची चमक आणायची. कुणाला त्यात खोटेपणा वाटला नाही. आम्हालाही नाही. आजोबा तर होतेच, फक्त त्या दिवशी तिथे नव्हते, एवढंच.

तिचं स्वतःचं लग्न त्याच काळातलं. मुलगा परदेशात मोठ्या गोदामात सुपरवायझर, सुट्टीवर आला आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकला. घरच्यांनी म्हटलं अडकलाच आहे तर लग्न उरकून घ्या. नोंदणीच्या ऑफिसात सह्या झाल्या, बाहेरच्या पायऱ्यांवर आमच्या ह्यांनी एक ग्रुप फोटो काढला आणि संपलं. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे हिची नणंद, लग्नासाठी माहेरी आली आणि नेमकी त्याच आठवड्यात आजारी पडली. घराच्या वरच्या खोलीत तिला वेगळं ठेवलेलं. खिडकीतून तिनं भावाला हात केला म्हणे.

विमानं सुरू झाल्याबरोबर नवरा परत गेला आणि बायकोसाठी व्हिसाचा अर्ज करायच्या तयारीला लागला. ही सासरीच राहिली. एक दिवस मागच्या खोलीतून मला त्याचा आवाज ऐकू आला, फोनवर पाठवलेला मेसेज ती स्पीकरवर ऐकत होती. "अगं, ताईला आईच्या शेजारी उभी कर. आई रोज रडतेय, एकुलती एक नणंद आणि फोटोत नाही. आणि व्हिसाच्या फाइलला हाच फोटो लावतो, जरा भरलेला दिसतो."

नणंदबाई नवा ड्रेस घालून स्टुडिओत आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या, हनुवटी वर करा म्हटलं तर आणखी खाली घातली. टचिंगवालीनं त्यांना सासूच्या शेजारी असं बसवलं की सासूचा हात नणंदेच्या दंडावर आहे असंच वाटावं. सासूनं त्या फोटोला फ्रेम करून घेतली.

मग सुरू झालं वाट बघणं. आधी ते ऑफिसच बंद. मग उघडलं, पण अर्धी माणसं कामावर. मग म्हणे साथीच्या आधीच अडकलेल्यांचे अर्ज आधी काढणार. त्या ऑफिसच्या वेबसाइटवर 'सध्या लागणारा वेळ' असा एक रकाना होता, तो ही सकाळी आल्या आल्या उघडायची. कमी व्हायचं सोडून तो वाढायचा. मी म्हणायचे, तू बघतेस म्हणून वाढतोय, बघू नकोस. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी परत उघडायची. शहरातल्या मोठ्या कलर लॅबनं तिला बोलावलं होतं, चार माणसं हाताखाली, स्वतःची केबिन. नाही म्हणाली. "काकू, व्हिसा आला की मी कधीही निघेन. त्यांना अर्ध्यात सोडून जाणं बरं दिसत नाही." आमच्याकडे सोडून गेलं तर चालणार होतं, हे मात्र तिनं गृहीत धरलेलं.

संध्याकाळी काम आवरलं की नवरा-बायकोची परीक्षा चालायची. व्हिसाच्या मुलाखतीत दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं जुळली नाहीत तर लग्न खोटं धरतात, असं ह्या वाट बघणाऱ्या सगळ्याच जोडप्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. त्यामुळे ही विचारायची, मी कुठल्या कुशीवर झोपते? तो सांगायचा. तो विचारायचा, माझ्या खोलीतला पडदा कुठल्या रंगाचा? ही न बघितलेल्या खोलीतला पडदा सांगायची. मी ऐकून पोट धरून हसायचे. आमच्या ह्यांना माझ्या टूथब्रशचा रंग विचारला तर आमचं लग्न जागच्या जागी रद्द होईल. पण ती दोघं एकमेकांशी इतकी जुळवून घेत होती की मला मनातून कौतुकही वाटायचं. चार आठवड्यांचा काय तो सहवास, आणि पोरगी त्याच्या सगळ्या सवयी तोंडपाठ करून बसलेली.

पुढच्या वर्षी सासू एकदम गोड झाली. आधी हिला घरी यायला जरा उशीर झाला की टोमणे असायचे. आता डबा स्वतः भरून द्यायला लागली, दमलीस का विचारायला लागली. नणंद पूर्वी दर रविवारी माहेरी येऊन बसायची, ती येईनाशी झाली. मी म्हटलं, तुझ्या सासूला काय झालंय? ही म्हणाली, "मी जाणार म्हणून जीव तुटत असेल." मला काही ते पटलं नाही. पण म्हटलं, असेल बाई, माणसं बदलतात. आणि नवरा रोज न चुकता सांगत होता, साथीमुळे तुंबलंय सगळं, आपला नंबर पुढे सरकतोय, थोडं थांब.

शेवटी मुलाखत आली, व्हिडिओवर. घरी नेट धड चालायचं नाही म्हणून आमच्या स्टुडिओतच बसायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "हे बघ, तिथे घाबरून काहीबाही बोलू नकोस. मी माझं म्हणणं आधीच दिलंय. ते तुला म्हणतील, तुमचा नवरा असं असं म्हणतो. तू फक्त हो म्हण. दोघांचं एकच आलं की झालं." ती म्हणाली, "एवढंच ना?" तो म्हणाला, "एवढंच."

अर्जदारानं एकटं बसायचं असा नियम. मी पडद्याच्या अलीकडे उभी राहिले. फटीतून ती मला दिसत होती आणि मी तिला. पलीकडे अधिकारी आणि त्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगणारी एक बाई. पडदा, कूस, सासऱ्यांचं गाव, सगळं फटाफट. माझीच छाती फुगली. मग त्यांनी तो ग्रुप फोटो दाखवला आणि नणंदेवर बोट ठेवलं. ही बाई लग्नाला हजर होती का?

ती खरं ते बोलली. "नव्हत्या. आजारी होत्या. मी नंतर घातलं त्यांना फोटोत."

त्या बाईनं पुढचा प्रश्न सांगितला. "तुमचे पती म्हणतात, हा फोटो तुम्ही त्यांना न सांगता तयार केला. तो खोटा आहे हे त्यांना आम्ही सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. हे बरोबर आहे का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याचा मेसेज मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला. ताईला आईच्या शेजारी उभी कर. तिच्या फोनमध्ये तो होताच, फोन टेबलावर पालथा पडलेला. मी फटीतून हातवारे केले, फोन दाखवला, ऐकव म्हणून कानाला हात लावला. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलंही. आणि ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "हो."

मुलाखत संपल्यावर मी तिला फाडून खाल्लं. म्हटलं, अगं ए बाई, काय कबूल केलंस तू? ती म्हणाली, "काकू, त्यानं काहीतरी ठरवलं असेल. त्याचं आणि माझं एकच यायला हवं होतं. आलं ना?" तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण त्याच्यावरचा विश्वास जरासुद्धा हललेला नव्हता. मला तिचा आणखीच राग आला.

निकाल आला. व्हिसा नाकारला. खोटा पुरावा तयार केला म्हणून पुढची बरीच वर्षं तिला त्या देशाकडे अर्जही करता येणार नव्हता. नवऱ्यावर कसलाही ठपका नाही. नंतर तिनं त्याला फोन लावला तो आमच्या मागच्या खोलीतूनच. मी उठायला लागले तर माझा हात धरून बसवलं आणि स्पीकर लावला.

"तू हो म्हण म्हणालास," ती म्हणाली.

"म्हणालीस ते बरं केलंस. नाहीतर दोघंही गेलो असतो. माझा इथला परवाना काढून घेतला असता त्यांनी."

"आणि माझं?"

"तुझं तसंही जाणारच होतं. ताईनं सांगून टाकल्यावर काही उरलंच नव्हतं. तिला व्हिसाच्या ऑफिसातून फोन आला, लग्नाबद्दल विचारलं, तर ही म्हणे मी कुठली लग्नात, मी तर खोलीत कोंडलेली. वकील म्हणाला दोघांपैकी एकच वाचेल."

"ताईंना फोन कधी आला?"

तो म्हणाला, "झालं एक वर्ष."

एक वर्ष. आपला नंबर पुढे सरकतोय म्हणून हा हिला रोज सांगत होता ते वर्ष. सासूनं डबे भरले ते वर्ष. त्या घरात ती झोपत होती, जेवत होती, आणि एकानंही तिला ताकास तूर लागू दिली नव्हती. केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते मी त्या खोलीत बसून ऐकलं.

"घरात कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. मीच म्हटलं हिला सांगू नका. तुझ्याकडे माझा तो मेसेज होता ना. तू चिडून तो त्यांना ऐकवला असतास."

तिचा आवाज चढला नाही. रडलीही नाही. मीच पदराचं टोक तोंडात धरून बसले होते, काही बोलून जाईन म्हणून.

"मी ऐकवला नसता रे," ती म्हणाली. "मला नुसतं सांगितलं असतंस की दोघांपैकी एकच वाचणार आहे, तर मीच म्हणाले असते, तू राहा. मी तुला एकदा तरी नाही म्हटलंय का?"

"एकदाही नाही," तो म्हणाला. "पण खात्री कशी धरायची?"