माशांच्या उवा आणि सांबाचं माप

कुठल्याही खात्यात दहा वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साचतात, पाठदुखी आणि किस्से. पाठदुखीचं कोणी विचारत नाही. मी मासळीच्या कामावर होतो म्हटलं की मात्र मंडळी खुर्ची पुढे ओढतात, आता काहीतरी मोठ्या माशाची गोष्ट निघणार म्हणून. माझ्याकडे मोठ्या माशाची गोष्ट एकच आहे आणि ती सांगायला मला आवडत नाही. बाकी सगळ्या उवांच्या आहेत.

हसू नका. माशांना उवा होतात. मसुरीच्या डाळीएवढी, चपटी, काचेसारखी आरपार दिसणारी ती कीड माशाच्या अंगाला चिकटून रक्त पिते. मासा खुंटाला अंग घासतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, खाणं सोडतो. छप्पन साली आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, म्हणजे आम्ही जागचे हललो नाही, पत्रांचे मथळे तेवढे बदलले. त्याच सुमारास मी दारव्ह्याकडच्या एका मत्स्यबीज केंद्रावर रुजू झालो. पहिल्याच दिवशी तळ्यावर उड्या मारणारे मासे पाहून म्हणालो, "काय मजेत खेळतायत!"

शेजारी एक बुटका माणूस धोतर खोचून उभा होता. तो म्हणाला, "खेळून नाही राह्यले, बाबू. खाजवून राह्यले."

तो सांबा. जातीचा भोई, वय पन्नाशीचं, केंद्रावर रोजंदारीला.

*

तळ्यात औषध टाकायचं तर पाणी किती आहे ते आधी कळायला हवं. लांबी-रुंदी दोरीनं मोजता येते, खोलीचं काय? आमच्याकडे खुणा केलेला बांबू होता, पण तो चिखलात रुतायचा आणि भलतंच सांगायचा. सांबा सरळ पाण्यात उतरायचा. दहा-बारा ठिकाणी उभा राहायचा आणि ओरडायचा, "गुडघा! मांडी! कंबर! कंबर! छाती!" काठावर मी लिहून घ्यायचो.

आमचे साहेब कोकणातले, फार काटेकोर. त्यांनी एक दिवस सांबाला उभं केलं आणि शिंप्याची टेप घेऊन त्याचा घोटा, गुडघा, मांडी, कंबर, छाती जमिनीपासून मोजली. त्याचा तक्ता करून ऑफिसच्या भिंतीवर लावला. वर मथळा, 'सांबा'. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं तो वाचला आणि विचारलं, "याला कोट शिवताय का?"

साहेब म्हणाले, "नाही. या केंद्रावरचं एवढं एकच उपकरण बिघडत नाही."

सांबाला ते कळलं तेव्हा तो दोन दिवस ताठ चालला.

*

दुसरी अडचण वजनाची. वरून येणाऱ्या कागदांवर औषध ग्रॅममध्ये आणि आमच्या तागडीची मापं शेर-छटाकाची. लाल दवा, म्हणजे विहिरीत टाकतात तीच, जरा जास्त पडली तर माशाचे कल्ले जळतात. उवा मारायची कुबट वासाची पावडर यायची, ती तर चिमूटभर जास्त झाली तरी घात. साहेबांनी मला दारव्ह्याच्या एका सोनाराकडे पाठवलं, लहान काटा मागायला.

सोनारानं सगळं ऐकून घेतलं. "माशायले दागिने घालता का?" म्हणाला. मग काटा पुसून पुडक्यात बांधला आणि देता देता हात मागे घेतला.

"माह्याकडं गुंजभर फरक पडला त गिऱ्हाईक बोंबलते," तो म्हणाला. "तुमचं गिऱ्हाईक बोलत नाही. जास्त सांभाळा."

मी हसून काटा घेतला.

*

मोठे मासे जाळ्यात धरून मिठाच्या किंवा लाल दवेच्या पाण्यात बुडवून काढायचे, हाही एक उपाय. टपात किती वेळ ठेवायचं ते साहेब मनगटावरच्या घड्याळात पाहायचे. सांबाची रीत वेगळी. मासा टपात गेला की तो स्वतःचा दम कोंडायचा. त्याचा दम संपला की मासा बाहेर, मग कोणी काही म्हणो.

एकदा साहेब घड्याळाकडे बघत "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते. सांबाचा चेहरा लाल झाला, त्यानं दोन्ही हात घालून मासे उचलले आणि साध्या पाण्यात सोडले. साहेब भडकले. मग त्यांनी घड्याळ कानाला लावलं. ते बंद पडलं होतं.

"चावीचं इसरता येते, साहेब," सांबा धापा टाकत म्हणाला. "दमाचं इसरता येत नाही."

*

तळ्याच्या वरच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथली धावलीबाई, जिला सगळे याडी म्हणायचे, म्हणजे आई, गुरं पाण्यावर आणायची. औषध टाकलं की सांबा आधी तिच्याकडे जायचा. "याडी, तीन दिवस ढोरं आनू नको." ती शिव्या द्यायची आणि गुरं लांबच्या नाल्यावर न्यायची. एकदाही तिनं त्याचा शब्द मोडला नाही.

एकदा मात्र ती ऑफिसच्या दारात येऊन बसली. "माशाच्या उवा मारता," म्हणाली, "मंग ते पावडर माह्या नातीच्या डोक्याले काहून देत नाही?"

साहेबांनी समजावलं की ते विष आहे, अंगाला लावायचं नाही, पोरीला बाधेल. तिनं विचार केला.

"मंग मासे काय लोखंडाचे आहेत?"

ती गेल्यावर साहेब मला म्हणाले, "ही बाई आपल्याकडे नोकरीला हवी होती."

*

यवतमाळला एका अधिकाऱ्याच्या घरी काचेच्या पेटीत सोनेरी मासे होते, नागपूरहून आणलेले. त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. साहेबांनी सांगितलं, नवे मासे वेगळे ठेवा, पाणी थोडं थोडं बदला, मोजून मीठ टाका आणि धीर धरा. घरच्या बाईंना ते पटलं नाही. ज्याला रंग नाही, वास नाही ते कसलं औषध! त्यांनी विहिरीची लाल दवा आणून अंदाजानं ओतली. आम्ही पोचलो तेव्हा पेटीतलं पाणी जांभळ्या शाईसारखं झालं होतं आणि मासे उलटे तरंगत होते.

बाई रडवेल्या झाल्या होत्या. तरी त्यांनी विचारलं, "पण ठिपके तरी गेले का?"

परतीच्या वाटेवर मी साहेबांना हसून म्हणालो, "न मोजता औषध टाकतात म्हणजे कमाल आहे लोकांची." हे वाक्य मी बोललो होतो, म्हणून सांगतो.

*

आता ती मोठ्या माशांची गोष्ट.

तीन नंबरच्या तळ्यात आमचे जनक मासे होते, बीजासाठी राखलेले, चाळीसएक कतला आणि रोहू. कलकत्त्याहून मातीच्या हंड्यांतून पिल्लं यायची, मूर्तिजापूरला ती छोट्या गाडीत चढायची, आणि बोरी अरबपर्यंत सांबा हंडी मांडीवर घेऊन पाणी हलवत बसायचा. हे मासे त्यातलेच, त्यानं बोटाएवढे असल्यापासून वाढवलेले. एका थोराड कतलीला तो मावशी म्हणायचा. त्या पावसाळ्यात त्यांची अंडी घ्यायची, आमचंच बीज जिल्ह्यात वाटायचं, कलकत्त्याची हंडी कायमची बंद, असं साहेबांचं ठरलं होतं.

मे महिन्यात त्यांना उवा लागल्या. सांबाची जुनी रीत होती, तळ्यात फळ्या उभ्या करायच्या, उवा त्यावर अंडी घालतात, मग फळ्या काढून उन्हात तापवायच्या. ते त्यानं सुरू केलं होतं. पण त्याला आठवडे लागतात आणि साहेब नागपूरला गेले होते. परत येईपर्यंत तळं साफ करून दाखवावं असं मला वाटलं. माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी रजिस्टर काढलं, तीन नंबरची खोली पाहिली, हिशोब केला आणि सोनाराच्या काट्यावर पावडर गुंजेगुंजेनं तोलली. इतकं नेमकं वजन मी आयुष्यात केलं नव्हतं.

सांबा धोतर खोचून तयार होता. "पानी मोजाचं आहे न, बाबू?"

"रजिस्टरमध्ये आहे," मी म्हणालो.

त्यानं एकदा तळ्याकडे पाहिलं आणि खोचलेलं धोतर सोडलं. "तुमी म्हनसान तसं," म्हणाला.

रजिस्टरातली खोली पावसाळ्याच्या शेवटी मोजलेली होती. तळं तेव्हा सांबाच्या छातीला लागायचं. मे महिन्यात ते त्याच्या मांडीलाही लागत नव्हतं. आधी चार मासे औषधाच्या घागरीत घालून पाहायचे, ही साहेबांची शिस्तही मी त्या दिवशी घाईत सोडली.

दुपारी मासे वर आले. तोंडं उघडी टाकून काठाकाठानं फिरू लागले. आम्ही पाट फोडून ताजं पाणी सोडलं, पण उन्हाळ्यात पाटाला पाणी ते किती असणार. सांबा एकेक मासा कवेत धरून पाटाच्या तोंडाशी नेत होता. मावशीला त्यानं सगळ्यात जास्त वेळ धरलं. तिन्हीसांजेपर्यंत एकही उरला नाही.

गावातून लोक टोपल्या घेऊन आले. इतका मोठा मासा त्यांनी कधी पाहिला नव्हता. सांबा काठी घेऊन आडवा उभा राहिला. "इख आहे, खाऊ नोका," एवढंच म्हणत होता. धावलीबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा लोक परतले. आम्ही खड्डा खणला आणि मासे पुरून वर चुना टाकला.

*

तिसऱ्या दिवशी साहेब आले. तळं पाहिलं, खड्डा पाहिला, ऑफिसात बसले, मला आणि सांबाला समोर उभं केलं आणि कागद पुढे ओढला.

"पाणी कोणी मोजलं?"

माझं तोंड उघडं होतं, एवढं मला आठवतं. शब्द शेजारून सांबाचे आले.

"म्या मोजलं, साहेब. चुकलं."

साहेबांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होतो. "सांबाचं पाणी आजवर चुकलं नव्हतं," ते म्हणाले आणि लिहायला बसले. रोजंदारीच्या माणसाला काढायला दोन ओळी पुरतात.

बोरी अरबच्या स्टेशनावर मी त्याला गाठलं. "सांबा, काहून केलं असं?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"पानी कमी आहे थे मले दिसत होतं, बाबू," तो म्हणाला. "दिसत होतं अन् म्या बोललो नाही. मंग म्या मोजलं असंच झालं न."

गाडी आली आणि तो गेला. मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही. पुढच्या वर्षी माझी नोकरी पक्की झाली. तक्ता भिंतीवरच राहिला, कोणी काढला नाही.

*

पाच-सहा वर्षांनी एका माणसाबरोबर निरोप आला. फुलसावंगीकडच्या एका गावात भोई लोकांनी मिळून तलाव घेतला होता, माशांना उवा लागल्या होत्या. "सांबानं सांगतलं, बाबूले धाडा."

मी सोनाराचा काटा घेतला, औषध घेतलं आणि गेलो. उन्हाळाच होता. तलावाच्या काठी तीस-चाळीस माणसं जमली होती, बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांचं वर्षाचं पोट त्या पाण्यात होतं. सांबा झाडाखाली काठी घेऊन बसला होता. गुडघे गेले होते, पाण्यात उतरणं संपलं होतं. मी त्याच्याशी बोलायला वाकलो, जे इतकी वर्षं मनात जुळवलं होतं ते सुरू केलं. त्यानं काठीनं तलाव दाखवला.

"आंदी काम," म्हणाला.

मी बूट काढले, पँट काढून पंचा गुंडाळला आणि उतरलो. निघण्याआधी घरी बायकोकडून टेपनं माझाही घोटा, गुडघा, मांडी, कंबर मोजून चिठ्ठीवर लिहून घेतली होती, ती चिठ्ठी काठावर एका पोक्त भोयाच्या हातात दिली. तलावभर हिंडलो. प्रत्येक ठिकाणी उभा राहून ओरडत होतो, "गुडघा! गुडघा! मांडी!" बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सांबा हसला नाही. तो ऐकत होता.

चार मासे औषधाच्या घागरीत सोडून दुसऱ्या सकाळपर्यंत वाट पाहिली. मासे धड राहिले. गुरं आधीच दुसरीकडे नेली होती. ऊन चढायच्या आत मी हिशोब केला, पुन्हा केला, औषध तोललं, बादलीत कालवलं आणि बादली उचलून सांबासमोर नेऊन ठेवली.

त्यानं बादलीत पाहिलं. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"पानी कोनं मोजलं?"

"मी मोजलं."

त्यानं काठीनं बादली माझ्याकडे सरकवली.

"मंग टाका."