मालदीवची यादी आणि आईचा बाळकृष्ण

दोह्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी याद्या करते. विमानतळावरून कुठली मेट्रो घ्यायची, सिमकार्ड कुठे मिळेल, शुक्रवारी सकाळी काय काय बंद असतं. ऑफिसात सगळे यावरून चिडवतात, पण सुट्टी जवळ आली की तेच लोक "ती तुझी यादी पाठव ना" म्हणत माझ्या टेबलाशी घुटमळतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

आई नाशिकहून राहायला आली तेव्हा मी तिला हौसेने इथलं द पर्ल नावाचं बेट दाखवायला नेलं. आईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. बोटी, कॉफीची दुकानं बघत ती थोडी चालली आणि म्हणाली, "हे बेट नव्हे गं, हा भराव आहे." मग बाकावर टेकून चपला काढत म्हणाली, "इतकी वर्षं फळ्यावर मालदीवचं कंकणद्वीप काढलं. मध्ये निळा खडू, भोवती पांढरा. खरं एकदाही पाहिलं नाही."

आईने स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्याच आठवड्यात मी मालदीवची दोन तिकिटं काढली.

यादी तर अशी फक्कड झाली! व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, पण ऑनलाइन फॉर्म निघण्यापूर्वी चार दिवसांच्या आत भरायचा. सीप्लेन उजेडातच उडतात, म्हणून सकाळी पोचणारं विमान घ्यायचं. वस्ती असलेल्या बेटांवर अंगभर कपडे हवेत. आईच्या साड्यांना कोण काय म्हणणार! प्लग कतारसारखाच, तीन चौकोनी पायांचा.

निघायच्या आदल्या दिवशी फॉर्म भरता भरता मी तिथल्या कस्टमचे नियम वाचले. पूजेच्या मूर्ती देशात आणायला बंदी होती. आत आई बॅग भरत होती, आणि सगळ्यात वर रेशमी पिशवीत तिचा बाळकृष्ण होता. लग्नात तिच्या आईने दिलेला, पितळेचा, रांगता, अंगठ्याएवढा. त्याला आंघोळ घातल्याशिवाय आई सकाळचा चहा घेत नाही. ती ऑपरेशनला गेली तेव्हाही तो उशाशी होता. जगभराच्या याद्या करणाऱ्या मला आपल्या आईच्या बॅगेत काय असतं तेवढं सुचलं नव्हतं. फार लाज वाटली.

नियम ऐकून आईने शांतपणे बॅगेची चेन लावली. "मग तू जा. मी राहते इथे."

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललोय!" मी चिडले. "तांदळात ठेव ना त्याला. नाशिकचं घर बंद करताना ठेवतेस तसं."

गावाला जाताना देव तांदळाच्या डब्यात ठेवायचे, म्हणजे ते उपाशी राहत नाहीत, अशी आमच्याकडची रीत आहे.

"तिथे सगळे देव एकत्र असतात," आई म्हणाली. "इथे देवघर नाही, काही नाही. एकटा कसा ठेवू?"

मी तणतणत कपाटाशी गेले. खालच्या कप्प्यात, जुन्या फायलींच्या मागे, रुमालात गुंडाळलेला माझा बाळकृष्ण होता. माझ्या लग्नात आईनेच दिलेला. दोह्यात आल्यापासून नऊ वर्षांत तो रुमाल मी सोडलाच नव्हता. मूर्ती काळी पडली होती. आता चांगलीच बोलणी बसणार, असं समजून मी ती आईपुढे धरली.

आईने फक्त चिंच मागितली. सिंकपाशी उभी राहून तिने तो लख्ख घासला आणि बासमतीच्या डब्यात दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. "भांडू नका रे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सीप्लेनच्या खिडकीतून खाली पहिलं कंकणद्वीप दिसलं, तेव्हा आईने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. "निळा खडू फारच कमी वापरला मी," म्हणाली आणि रडायलाच लागली. मीही रडले. मग डोळे पुसत तिने विचारलं, "दोघं ठीक असतील ना गं?"

परत आल्यावर आईने स्वतःचा बाळकृष्ण रेशमी पिशवीत ठेवला. माझा मात्र रुमालात बांधला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत वाटी पालथी घालून तिच्यावर ठेवला.

"यादीत लिहून ठेव," ती म्हणाली.

आई नाशिकला गेली. हल्ली माझा सकाळचा चहा दहा मिनिटं उशिरा होतो.