साडूच्यासारखी लेन्स आणायला उल्हासनगरला

अंबरनाथजवळ मोरिवलीला सासऱ्यांच्या घरात, टीव्हीच्या वर, आबांचा म्हणजे सासऱ्यांचा एक फोटो लागलाय. तो माझ्या साडूने, नितीनने काढला. मिररलेस कॅमेरा माझ्याकडे, महागडी लेन्स माझ्याकडे, घरातल्या प्रत्येक बारशाला घाम गाळणारा मी. आणि भिंतीवर नितीन! तेही उल्हासनगरात पंधराशेला मिळालेल्या, फिल्मच्या जमान्यातल्या झूम लेन्सने. नुसता जळफळाट झाला. रविवारी स्कूटर काढली. तशीच लेन्स आणायची, आबांचा त्याहून भारी फोटो काढायचा आणि त्याचा उतरवायचा.

बदलापुरातल्या आमच्या हेंद्रेपाड्याहून नऊला निघालात तरी चालेल, कारण दुकानं उशिरा उघडतात. तोवर दाल-पकवान खा, दुपारपर्यंत भूक लागत नाही. दुकानातल्या सिंधी काकांनी कपाटातून लेन्स काढली. "साईं, पुराना माल है, ऑटो कुछ नहीं चलेगा. हाथ से घुमाओ." लेन्स पंधराशे, ती माझ्या कॅमेऱ्यावर बसवणारी अडॅप्टरची रिंग हजार. घेताना लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा, आत बुरशीची जाळी दिसली तर सोडून द्या.

सरावासाठी अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी थांबलो. काळ्या दगडातल्या मूर्तींवर तिरपं ऊन आलं होतं. कॅमेरा उचलला तर स्क्रीनवर 'लेन्स जोडलेली नाही'. शटर चालेना. काढली, पुसली, परत बसवली, तेच. काकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी ज्याला अजिबात करायचा नव्हता त्यालाच फोन लावला.

"मेन्यूत 'लेन्सशिवाय शटर' असेल, ते चालू करा," नितीन म्हणाला. "जुनी लेन्स लावलीये हे कॅमेऱ्याला कळतच नाही ना. आहात कुठे? आलोच मी."

अंबरनाथलाच राहतो, दहा मिनिटांत हजर. माझ्या हातातली लेन्स बघून हसलासुद्धा नाही, याचाच जास्त राग आला. लेन्सवरची रिंग पुढे-मागे सरकवली की झूम, तीच फिरवली की फोकस, हे सगळं नीट शिकवलं आणि म्हणाला, "चला, आबांकडेच जेवू."

तांदळाची भाकरी आणि जवळा खाऊन झाल्यावर आबांना अंगणात खुर्चीत बसवलं. मी रिंग फिरवतोय, फोकस काही लागत नाही.

"जावईबापू, मान दुखाया लागली," आबा म्हणाले. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी जावईबापूच. नितीनला ते नुसतं नितीन म्हणतात.

नितीन माझ्या खांद्याशी उभा होता. "आबा, हलू नका, नायतर ती कोंबडी परत सुटेल!"

आबा खळखळून हसले. कुठली कोंबडी, मला माहीत नाही. पण नेमका तेव्हाच फोकस लागला आणि मी शटर दाबलं.

संध्याकाळी बदलापूरला येऊन फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. कडा थोड्या मऊ आल्यात, पण चेहऱ्यावरची एकेक सुरकुती स्पष्ट. अडीच हजारात याहून काही मागू नये. सासूबाईंना पाठवला, लगेच फोन आला, "आता हाच लावू भिंतीला." मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मग सहज डोळ्यांपाशी मोठा करून बघितला. आबांची नजर लेन्समध्ये नाही. जरा बाजूला आहे, माझ्या खांद्याशी. म्हणजे आता भिंतीवर फोटो माझा लागणार, आणि त्यातून आबा रोज नितीनकडे बघून हसणार.